वाचकांचे प्रश्न: आचारी, वाढपी आणि मधलं दार

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयात लग्नाला दीडशे पानांच्या तीन-चार पंगती होतात. पहिली नीट जाते. दुसरीपासून पुरी वेळेवर येत नाही, वाढपी भटारखान्यात शिरून ओरडतात, आचारी चिडतात. माणसं वाढवूनही फरक पडला नाही. काय करावं? (सांगली)

उत्तर : माणसं वाढली की निरोप देणारी तोंडंही वाढतात, म्हणून गोंधळ तसाच राहतो. भटारखान्याच्या दारात एक टेबल आडवं लावा आणि तिथे एकच माणूस उभा करा. आचाऱ्यांशी बोलेल तो हाच. वाढप्यांनी टेबलाच्या आत पाऊल टाकायचं नाही. उकळतं तेल आणि ओली फरशी असलेल्या जागी दहा जणांची ये-जा तशीही धोक्याची. हा माणूस नवखा नको. घाणा निघायला किती वेळ लागतो आणि पंगत कुठल्या पदार्थावर आली आहे, दोन्ही त्याला कळायला हवं.

आता पुरी. जिलबी, मठ्ठा, कोशिंबिरीची तयारी आधी करून ठेवता येते. पुरी तळून ठेवली की मऊ पडते, म्हणून सगळी ओढाताण तिच्यावर येते. मोठ्या कढईतून मिनिटाला साधारण दहा पुऱ्या निघतात असं धरा. दीडशे पानांना पहिल्या फेऱ्यात दोन-दोन म्हणजे तीनशे पुऱ्या: एका कढईला अर्धा तास, दोन कढयांना पाव तास. ‘पंगत बसली’ हा निरोप त्यामुळे फार उशिराचा. शिवाय दोन पंगतींच्या मध्ये आचारी आच कमी करतात. अचानक मागणी आली की कोमट तेलात पुऱ्या पडतात, फुगत नाहीत आणि तेल पितात.

म्हणून खूण ठरवून घ्या: चालू पंगतीत शेवटचा मठ्ठा-भाताचा फेरा निघाला की आच वाढवायची, टेबलं पुसून नवी पानं मांडायला लागले की पहिला घाणा सोडायचा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग वरण-भात आणि तूप वाढून होईपर्यंत पुरी तयार असते. पानं किती, हे मांडतानाच मोजून दारावर सांगायचं. अंदाजाने ‘दीडशेच असतील’ म्हणू नये.

निरोपाचे शब्दही ठरलेले हवेत. ‘भात संपला’ यावरून साधा की मसालेभात ते कळत नाही. ‘भाजी द्या’ म्हणजे अळू की बटाटा? पदार्थ, किती बादल्या, कुठली रांग, एवढं सांगायचंच. प्रत्येक पदार्थाला रांगेमागे दोन बादल्या ठेवा, एक पंगतीत आणि एक दारावर भरलेली. बादलीत पाव भाग उरला की बदलायची. तळ दिसेपर्यंत थांबलं की अर्धी रांग हात आवरून बसते.

उलट दिशेचा निरोप बहुतेक ठिकाणी जातच नाही, आणि खरी फजिती तिथेच होते. जिलबी कमी पडणार हे आचाऱ्यांना आधी कळतं, पण ते बोलत नाहीत. प्रत्येक पंगतीनंतर दारावरच्या माणसाने शिल्लक विचारून फळ्यावर लिहावी. कमी असेल तर वाढप्यांच्या मुकादमाला सांगून आग्रहाचा फेरा थांबवावा आणि यजमानांच्या घरच्या एका जबाबदार माणसाच्या कानावर घालावं. अळूत किंवा कोशिंबिरीत शेंगदाणे आहेत का, कशात कांदा-लसूण आहे, हेही त्याच फळ्यावर असू द्या. पाहुणे विचारतात तेव्हा वाढप्याने ठोकून उत्तर देणं बरं नव्हे.

प्रश्न : बुफे असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेसा होईल का? (ठाणे)

उत्तर : नाही. पिठाचे-तेलाचे हात फोनला लागत नाहीत आणि भट्टीच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही. दोन वॉकीटॉकी घ्या, एक भटारखान्याच्या दारावर, एक बुफेच्या मुकादमाकडे. तिसरा घेऊ नका. बुफेत गर्दी अक्षता पडल्यावर एकदम येते, तेव्हा मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी पहिला निरोप मुकादमानेच द्यायचा. मुहूर्त लांबला तर तोही लगेच कळवायचा, म्हणजे तळण थांबवता येतं आणि भात-भाज्या मंद आचेवर गरम राहतात.