सिरीजमधले सगळेच इतके गोरे कसे?

प्रश्न: जपानच्या जुन्या दरबारावरच्या सिरीज बघतेय, बायका सगळ्या पांढऱ्याफटक. तेव्हा खरंच असं होतं की हे आत्ताच्या फेअरनेस क्रीमवाल्यांचं खूळ? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, खूळ जुनंच आहे हो. आणि गोऱ्या साहेबाकडून आलेलंही नाही: युरोपियन लोक जपानला पोचले १५४३ ला, आणि जपानचा जुना हेइआन दरबार म्हणजे ७९४ ते ११८५, तेव्हाच तिथल्या खानदानी बायका चेहऱ्याला पांढरी पावडर थापायच्या. त्याच्याही आधी, ६९२ साली एका भिक्षूने शिशाची पावडर बनवली म्हणून सम्राज्ञी जितोने त्याला बक्षीस दिल्याची नोंद आहे (शिसं म्हणजे विषच, पण कोणाला पडलीय). उन्हात राबायला लागत नाही हे दाखवायचं, बाकी काय.

पण गंमत बघा, त्याच बायका भुवया उपटून कपाळावर वरती काजळीचे ठिपके काढायच्या आणि दात चक्क काळे करायच्या, लोखंड आंबवलेलं पाणी लावून. हे मात्र सिरीजवाले बहुतेक वेळा गाळतात, कारण काळ्या दातांची हिरोइन आज कोण बघणार! म्हणजे गोरेपणा तेवढा इतिहासातून उचलला, बाकीचं आपल्या सोयीने.

आणि सगळ्या आशियात असंच होतं असंही नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर आला, तो लिहितो की इथे जो जास्त काळा त्याला जास्त मान, पोरांना तिळाचं तेल चोळतात अजून काळी व्हावीत म्हणून, आणि देव काळे रंगवतात, सैतान पांढरे. त्या काळातला तमिळ राजा गोरापान दाखवला की मला तरी हसूच येतं.