शेळी सुटली की आधी माणसं आवरा

प्रश्न असा आहे: ‘लहानशा शेतावर चार शेळ्या आणि काही कोंबड्या पाळायचं ठरवतोय. घरच्यांसोबत असं राहणं खरंच गमतीचं असतं का? आणि रोजची कामं घरात कशी वाटून घ्यावीत?’

गमतीचं असतं. फक्त गंमत चालू असताना ती कोणालाच कळत नाही, कारण त्या वेळी सगळे एकमेकांवर ओरडत असतात. कामांच्या वाटणीचं शेवटी बघू. ‘चार शेळ्या’ वाचलं आणि राहवलं नाही. शेळी सुटल्यावर काय करायचं यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि त्यातला बरोबर पक्ष माझा आहे.

शेळी सुटते ती सगळे नुकतेच जेवायला बसलेले असताना. कोणीतरी ‘सुटली!’ असं ओरडतं आणि हातात येईल ते घेऊन घर बाहेर पडतं. एकाकडे झाडू, एकाकडे टॉवेल, एकाकडे छत्री. अंगणात पोचेपर्यंत प्रत्येक जण सेनापती झालेला असतो. ‘तू तिकडून ये.’ ‘तिकडून म्हणजे कुठून?’ ‘अरे, माझ्या तिकडून!’ शेळी या काळात मागच्या दोन पायांवर उभी राहून पाला खात असते. ती अजून पळालेलीच नसते. पळते ती कोणीतरी झेप घेतल्यावर.

यात शेळीचा दोष शून्य. तिची बाहुली आडवी, चौकोनी असते आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न हलवता तिला भोवतालचं ३०० अंशांहून जास्त दिसतं. म्हणजे मागून दबक्या पावलांनी येणारे काका तिला ते दबकायला लागले तेव्हापासून दिसतायत. शिवाय प्रत्येक शेळीभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. तुम्ही बाहेर असाल तर ती चरत राहते, कडेवर पाऊल पडलं की मान वर करते, आत घुसलात की सुटते. रोज अंगावर हात फिरवून घेणाऱ्या शेळीचं रिंगण हातभर असतं, नव्या शेळीचं पंधरा-वीस पावलांचंही असू शकतं. आणि दिशा ठरते तिच्या खांद्यावरून. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर ती पुढे जाते, पुढे आलात तर थांबते किंवा वळते. चार जण चार बाजूंनी धावले की तिला मिळणारी आज्ञा अशी असते: पुढे जा, थांब, वळ, आणि ही बघ छत्री. मग ती दोन माणसांमधली सगळ्यात मोठी फट शोधून निघून जाते. त्या फटीशेजारी जे सगळ्यात लहान पोर उभं असेल त्याला ‘तुझ्या बाजूनं गेली’ हे पुढची दोन वर्षं ऐकावं लागतं.

बरं, पळताना सापडली तरी धरतात चुकीची. मागचा पाय धरला तर ती झटका देते आणि सांधा निखळू शकतो. करडाचं शिंग धरून ओढलं तर ते बुडातून मोडतं आणि भळाभळा रक्त येतं. एक हात गळ्याखाली, जबड्याच्या मागे घालून डोकं जरा वर उचलायचं आणि दुसरा हात किंवा गुडघा मागून पुठ्ठ्याला लावायचा. डोकं वर असलं की तिला नीट जोर लावता येत नाही. एवढंच. कुस्ती नको.

पण मुळात धरायची वेळच येऊ नये, आणि इथे बादली येते. शेळी आणल्या दिवसापासून खुराक एकाच बादलीतून द्या. द्यायच्या आधी बादली तीन-चार वेळा हलवा आणि प्रत्येक वेळी एकच हाक मारा. हाक कुठलीही चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांची तीच हवी. आठ-दहा दिवसांत आवाजासरशी शेळ्या गव्हाणीकडे येतात. मग दहा पावलांवरून हाक द्या, मग गोठ्याच्या आडून. शेवटी दार उघडं ठेवून त्यांना कुंपणातल्या कुंपणात तुमच्यामागून फिरवून आणा. परत आल्यावर प्रत्येकीला मूठभर खुराक, साधारण ५० ग्रॅम, मिळालाच पाहिजे. खऱ्या सुटकेच्या दिवशी जेवणाच्या पानावरून एकानेच उठायचं, बादली घ्यायची, शेळीकडे न बघता हलवायची आणि गोठ्याकडे चालू लागायचं. न बघणं महत्त्वाचं आहे. टक लावून सरळ अंगावर येणारा प्राणी तिच्या हिशेबात शिकारी असतो, पाठ फिरवून खुराक घेऊन जाणारा नाही. कळपात एक पुढारीण असते, ती निघाली की बाकीच्या निघतात. म्हणून सगळ्यात जवळ असलेलीच्या मागे लागू नका, पुढारीण वळवा.

आता वादाचा मुद्दा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की खुराक कशाला वाया घालवायचा, बादलीत चार गोटे टाकले तरी आवाज होतोच. होतो. पहिल्या दिवशी शेळ्या धावत येतातही. येऊन बादलीत तोंड घालतात, गोट्यांचा वास घेतात आणि वर बघतात. ते बघणं ज्याने पाहिलंय त्याला पुन्हा गोटे टाकवायचे नाहीत, पण काही माणसांना लाज कमी असते. दुसऱ्यांदा निम्म्या येतात. तिसऱ्यांदा पुढारीण मान वर करून ऐकते आणि परत खाली घालते. दाण्याचा आवाज सळसळता असतो, गोट्यांचा खडखडता. माणसाला कळतो तो फरक शेळीला कळणार नाही असं का वाटतं? वर याचं नुकसान फक्त गोटेवाल्याला होत नाही. नंतर मी खरा खुराक घेऊन गेले तरी ती दहा मिनिटं संशयाने उभी राहते. मोडलेला विश्वास परत बसवायला पुन्हा आठ दिवस पहिल्यापासून सुरुवात. वाचवला किती खुराक? दोनशे ग्रॅम.

सुटते कुठून हेही बघा. दहापैकी आठ वेळा दारातून. साधी सरकती कडी शेळी ओठांनी आणि जिभेने खेळवत बसते. तिला बाहेर जायचं असतंच असं नाही, हलणारी वस्तू सोडवत नाही. कडी दाराच्या बाहेरच्या अंगाला आणि तोंड पोचणार नाही इतकी खाली बसवा. कोयंड्यातून चाव्यांच्या जुडग्याला असतो तसा स्प्रिंगचा हूक अडकवा, तो उघडायला अंगठा लागतो. दार आत उघडणारं असावं, म्हणजे शेळ्या आतून रेटतात तेव्हा ते आणखी घट्ट लागतं. बिजागरीच्या दोन खुंट्यांपैकी वरची उलटी, खाली तोंड करून बसवा. दोन्ही वर तोंड करून असतील तर शिंग खाली घालून दार उचलून काढता येतं, आणि हा शोध एकीने लावला की बाकीच्यांना शिकवावा लागत नाही. कुंपण किमान चार फूट, उड्या मारणारी जात असेल तर पाच. जाळी खांबांना आतल्या बाजूने ठोका. शेळी पुढचे पाय जाळीवर टेकून उभी राहते, आणि जाळी बाहेरून ठोकलेली असली की तिच्या वजनाने खिळे निघत जातात. पाच फूट कुंपण घालून आत त्याला लागून पाण्याचं पिंप ठेवणारे लोक आहेत. ते पिंप म्हणजे शेळीला लावून दिलेली पायरी.

जाळीची घरं दहा सेंटीमीटरपेक्षा मोठी नकोत. पंधराच्या घरातून शिंगवालीचं डोकं आत जातं आणि परत येताना शिंगं अडतात. मग ती असा गळा काढते की सोडवायला पुन्हा सगळं घर. इथेही सगळे मागे ओढतात, आणि शिंगांची ठेवण मागे वळलेली असल्यामुळे जितकं ओढाल तितकी ती अडकते. आधी डोकं थोडं पुढे ढकला. मग हनुवटी वर करून मान तिरकी करा आणि एक शिंग तारेच्या आतून काढून मग दुसरं. दीड मिनिटाचं काम. सोडवल्यावर ती चार पावलं जाऊन परत त्याच भोकात डोकं घालेल, त्याची तयारी ठेवा. अशा सवयीच्या शेळीच्या दोन्ही शिंगांवरून आडवी हलकी प्लॅस्टिकची नळी चिकटपट्टीने बांधतात. डोकं जाळीत शिरत नाही आणि दिसते ती टॉवेल वाळत घालायची दांडी. पाहुणे विचारतात, हे काय? काय सांगायचं ते प्रत्येक घराने आपापलं ठरवावं.

एका बाबतीत मात्र हसू नका. सुटलेली शेळी खुराकाच्या पोत्यापर्यंत पोचली तर ‘खाऊ दे एक दिवस’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. सवय नसताना धान्य किंवा भरडा पोटभर खाल्ला की पोटात तो वेगाने आंबतो, आम्ल वाढतं आणि रवंथ बंद पडतो. भरडा अख्ख्या दाण्यापेक्षा वाईट, कारण तो लवकर आंबतो. खाल्ल्या खाल्ल्या ती ठणठणीत दिसते. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो: सुस्त उभी राहणं, दात खाणं, डावी कूस फुगणं, पातळ हगवण. तोवर थांबू नका. उरलेलं धान्य काढा, सुका चारा पुढे टाका आणि किती खाल्लं याचा अंदाज घेऊन लगेच पशुवैद्याला बोलवा. मान लटकलेल्या शेळीला घरगुती काढे पाजू नका, ते फुप्फुसात जातात. खुराक पोत्यात नको, घट्ट झाकणाच्या पिंपात हवा. आणि तो ज्या खोलीत असेल तिच्या दारालाही तोच स्प्रिंगचा हूक.

कोंबड्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यांचं सोपं आहे. दिवसा त्यांच्यामागे धावायचं नाही. अंधार पडायला लागला की त्या आपणहून खुराड्यात जातात, आणि दांडीवर बसलेली कोंबडी रात्री पिकलेल्या फळासारखी उचलता येते, कारण अंधारात तिला फारसं दिसत नाही. दुपारी दोन वाजता कोंबडी पकडायला निघालेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगणं हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं काम. पण ते स्वतःच पुढे असतात.

कामांची वाटणी. माणसं कशीही वाटा, मला त्यात पडायचं नाही. पण शेळी खोटं बोलते हे आधी लिहून ठेवा. पोटभर खाऊन अर्धा तास झालेला असला तरी दारात पाऊल वाजलं की ती आठवडाभराची उपाशी असल्यासारखी ओरडते. मग आजी खुराक देते, मग बाबा देतात, मग शाळेतून आलेलं पोर देतं, आणि रात्री तिघंही ‘आज मीच दिला’ म्हणतात. यावर भिंतीवरचा तक्ता चालत नाही, कोणी लिहीत नाही. रात्रीच दुसऱ्या दिवसाचा खुराक मापून दोन डब्यांत काढून ठेवा, सकाळचा एक, संध्याकाळचा एक. डबा रिकामा म्हणजे शेळीला मिळालंय, ती काहीही म्हणो. दाराचा हूक लावायची जबाबदारी शेवटी बाहेर पडणाऱ्याची. शेवटी कोण बाहेर पडलं यावर भांडण होणारच, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माजावर आलेला बोकड बादलीला विचारत नाही, त्याच्यासाठी दावं आणि दोन धडधाकट माणसं हवीत. कुत्र्याने घाबरवलेली शेळीही लगेच येत नाही. कुत्रा बांधा, पंधरा मिनिटं थांबा, मग बादली. जवळ वाहता रस्ता असेल तर एकाने आधी लांबून वळसा घालून रस्त्याच्या बाजूला उभं राहायचं, हात पसरून, न धावता. तेवढं एक माणूस मी पाठलाग पक्षाला द्यायला तयार आहे.

आणि आमच्या घरातलं कोणी हे वाचत असेल तर, बादलीतले गोटे परत ओढ्यात टाकून या. आज संध्याकाळच्या आत.