स्पीकर पॅनलवर नको, पत्र्यावर धरा

जुन्या गाडीत बाजारातले स्पीकर पॅनल बसवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. बऱ्याच पत्रांचं मूळ दुखणं एकच असल्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढची उत्तरं त्याला धरूनच वाचावीत.

प्रश्न : दारांचे मूळचे हार्डबोर्डचे पॅड काढून तयार एबीएसचे (एका कडक प्लास्टिकचे) पॅनल लावले आणि त्यांतच ६.५ इंची स्पीकर कसले. आवाज थोडा वाढवला की अख्खा पॅनल थरथरतो आणि बास जवळजवळ नाहीच. मागून प्लाय लावला तर भागेल का? किती जाडीचा?

उत्तर : प्लाय लागेल, पण तो कुठे लावायचा हे आधी ठरवू. स्पीकरचं काम दोन गोष्टींवर चालतं. कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) पुढे-मागे होताना त्याची फ्रेम जागची हलता कामा नये, आणि कोनच्या मागचा आवाज पुढच्या आवाजात मिसळता कामा नये. तुमच्याकडे दोन्ही बिघडलं आहे. पातळ प्लास्टिक फ्रेमबरोबर हलतं, म्हणून थरथर. आणि पॅनल व दार यांच्यामधल्या फटीतून मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला मारते. १०० हर्ट्झच्या, म्हणजे बासच्या, लाटेची लांबी साधारण ३.४ मीटर असते. तिच्यापुढे दाराची रुंदी काहीच नाही, त्यामुळे सगळ्यात आधी बळी जातो तो बासचा. निव्वळ जाड प्लाय लावून थरथर कमी होईल, बास परत येणार नाही.

पॅनलमधली स्पीकरची जागा सपाट आणि दाराला समांतर असेल, तर स्पीकर पॅनलमधून काढा आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर घ्या. पॅनल मग फक्त झाकण आणि जाळी. यासाठी १२ मिमी मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायची रिंग कापा. आतलं भोक स्पीकरबरोबर आलेल्या कागदी नमुन्यावरूनच काढा; ‘६.५ इंची’ म्हणून विकले जाणारे सगळे स्पीकर एका मापाचे नसतात. भोकाभोवती निदान २० ते २५ मिमी लाकूड राहू द्या. पत्रा आणि जाळी यांच्यातलं अंतर पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी खेळण्यातल्या मातीचे चार-पाच गोळे पत्र्यावर चिकटवा, पॅनल जागेवर दाबून बसवा, काढा आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजा. त्यातून स्पीकरच्या कडेची उंची आणि कोन पुढे येतो तेवढी जागा वजा केली की रिंगची जाडी मिळते. गरज पडली तर १२ मिमीच्या दोन रिंगा एकावर एक चिकटवा.

रिंग पत्र्याला एम५ बोल्टने सहा ठिकाणी धरा, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारा). हात मागे पोचत नसेल तर पत्र्यात रिव्हेट नट (एकाच बाजूने बसवता येणारा) बसवा. स्पीकर रिंगवर धरण्यासाठी मागच्या बाजूने एम४ टी-नट (लाकडात रुतणारे काटेरी नट) ठोकून घ्या. लाकडात थेट पिळलेल्या स्क्रूची पकड स्पीकर दोनदा काढला-घातला की जाते. रिंग आणि पत्रा, तसंच स्पीकर आणि रिंग, यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमची ३ मिमी पट्टी द्या. स्पीकरच्या पुढच्या कडेवरही जाळीच्या मागच्या भागाला टेकेल अशी ५ मिमीची मऊ फोमची कडी लावा, नाहीतर निम्मा आवाज पॅनलच्या पोटातच फिरत राहील.

प्लायऐवजी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) वापरायला हरकत नाही, फक्त दारात पाणी येतं हे धरून चाला. कापलेल्या कडा आणि बोल्टची भोकंसुद्धा रेझिनने किंवा वॉर्निशने दोन-तीन हात देऊन बंद करावी लागतात. एक भोक असा हात न देता राहिलं तरी तिथून फुगायला सुरुवात होते.

पॅनलमध्ये तिरका उठाव असेल आणि स्पीकर त्यातच बसवणं भाग असेल, तर मात्र पॅनलच मजबूत करावा लागतो. आधी प्लास्टिक ओळखा. मागे एबीएस (ABS) किंवा पीपी (PP, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) असा शिक्का असतो. शिक्का नसेल तर एक तुकडा पाण्यात टाका: एबीएस बुडतं, साधं पीपी तरंगतं. (भरण घातलेलं पीपी बुडूही शकतं, त्यामुळे शिक्का सापडला तर त्यावरच विश्वास ठेवा.) पीपीला रेझिन धरत नाही. त्याच्या मागे प्लायचा सांगाडा बोल्टनेच कसावा लागतो.

एबीएसची मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अॅसिटोन किंवा थिनर नको, त्यात एबीएस विरघळतं. प्लायची रिंग इपॉक्सीने चिकटवा. मग रिंगपासून पॅनलच्या कडांपर्यंत ६ मिमी प्लायच्या २५ मिमी रुंद पट्ट्या उभ्या धारेवर, सूर्यकिरणांसारख्या लावा. पट्टी आडवी चिकटवली तर ताकद फारशी वाढत नाही. जी ताकद येते ती उंचीमुळे. वरून २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं विणलेलं काचकापड दोन थर, रिंगच्या कडेवरून पॅनलवर किमान ५० मिमी उतरवून. इपॉक्सी वाळेपर्यंत पॅनल पालथा मोकळा ठेवू नका. तो पीळ घेतो आणि मग एकही क्लिप दाराच्या भोकासमोर येत नाही. क्लिपच्या जागा एका फळीवर आखून पॅनल तिथे स्क्रूने धरा आणि दुसऱ्या दिवशीच सोडा.

शेवटची गोष्ट वजनाची. रिंग, पट्ट्या, फायबर आणि स्पीकर मिळून पॅनल चांगलाच जड होतो आणि जुन्या क्लिपा एवढ्यासाठी केलेल्या नसतात. स्पीकरजवळ निदान दोन बोल्ट पॅनलमधून थेट दाराच्या पत्र्यात जायला हवेत. दार आपटल्यावर सगळा झटका तेच घेतात.

प्रश्न : फायबरचं काम पॉलिस्टर रेझिन आणि चटईने (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची) केलं तर चालेल का? हार्डनर किती घालावा? माझा पहिला प्रयत्न तडकला.

उत्तर : लाकडी किंवा फायबरच्याच साच्यावर खुशाल करा. पातळ एबीएसवर मात्र पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने प्लास्टिक मऊ पडून वाकू शकतं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात वाटीभर जागेवर लावून पाहा.

हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. म्हणजे २०० ग्रॅम रेझिनला २ ते ४ ग्रॅम. अंदाजाने ओतला की हमखास जास्त पडतो, मिश्रण तापतं, आकसतं आणि तडकतं; तुमच्या बाबतीत हेच झालं असावं. एका वेळी थोडंच कालवा आणि पसरट भांड्यात कालवा, कारण खोल डब्यात उष्णता साठते. चटईच्या वजनाच्या सुमारे दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरतं. त्याहून जास्त झालं तर जाडी वाढते, ताकद नाही.

कोबाल्ट अॅक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, नंतरच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही टाकू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो.

इपॉक्सीबरोबर तुकड्यांची चटई वापरू नका. त्या चटईतले धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ स्टायरिनने सुटतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे चटई ताठ राहते, वळणावर बसत नाही आणि खाली हवा अडकते. इपॉक्सीला विणलेलं कापड. घासताना धूळ अडवणारा चांगला मास्क, आणि पॉलिस्टरसाठी मोकळी हवा.

प्रश्न : स्पीकर बसला, पण काच पूर्ण खाली येत नाही. शिवाय काच फिरवायचं हँडल आता घट्ट बसत नाही, हातात येतं. दोन्हींचा काही संबंध आहे का?

उत्तर : कारणं दोन, चूक एकच : बसवण्याआधी जाडीची बेरीज झाली नाही.

स्पीकरची खोली ६२ मिमी आणि रिंग १८ मिमी असेल, तर चुंबक पत्र्याच्या आत ४४ मिमी जातो. पत्र्यापासून काचेपर्यंत ५० मिमी असतील तर उरतात ६. हे कमी आहे, कारण जुन्या गाडीत काचेच्या रबरी खाचा सैल झालेल्या असतात आणि दार आपटलं की काच आत-बाहेर हलते. किमान १० मिमी मोकळे हवेत. माप काच पूर्ण खाली असताना घ्या, आणि मग काच वर-खाली करत काच उचलणारे हात कुठून फिरतात तेही पाहा. बऱ्याचदा काच सुटते पण हा लोखंडी हात चुंबकाला लागतो. उपाय म्हणजे रिंग जाड करणं किंवा कमी खोलीचा स्पीकर घेणं. दार कापून जागा करू नका.

हँडलचं असं, की ते दात्यांच्या दांड्यावर बसतं. पॅनलच्या मागे सगळीकडे ६ मिमी प्लाय लावला की हँडल ६ मिमी बाहेर येतं, दाते टोकाला पकडतात आणि लवकरच झिजतात. दांड्याभोवती ८० मिमी व्यासाचा प्लाय काढून टाका, तेवढा पॅनल आत दबेल. आतून दार उघडायच्या खटक्यालाही हाच नियम. हे आधीच पाहिलेलं बरं, कारण झिजलेलं हँडल बदलता येतं, दांडा झिजला तर काच उचलणारी अख्खी यंत्रणा बदलावी लागते.

प्रश्न : दाराच्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाटला आहे. काढून टाकला तर चालतो का? आणि डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी) किती लावावी?

उत्तर : काढलात तर त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावीच लागेल. काचेवरचं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. मधल्या काळात ते पॅडला लागू नये म्हणून तो कागद असतो. जुन्या गाड्यांचे हार्डबोर्ड खालून फुगतात ते बहुतेक वेळा हा कागद गेल्यामुळेच.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं १.५ मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याने, कडेला ब्युटाइलची (चिकट रबराची) दोरी देऊन, स्क्रूने बंद करा. उद्या काच उचलणारी यंत्रणा दुरुस्त करायची झाली तर तो पत्रा काढता यायला हवा. लहान भोकांवर डॅम्पिंग शीटच ताणून लावली तरी पुरते. याने पाणीही अडतं आणि पहिल्या उत्तरातली मागची लाटही. बाहेरच्या पत्र्याला आतून अल्कोहोलने पुसून ब्युटाइलची शीट लावा आणि रोलरने दाबा. पत्र्याचा चौथा हिस्सा ते फार तर चाळीस टक्के झाकला तरी पुरे. सगळा झाकून दार जड होतं आणि बिजागऱ्या लवकर खचतात. डांबरी शीट स्वस्त असते, पण उन्हात वास मारते आणि घसरते. तळाची भोकं मात्र उघडी. ती बुजवली तर दार आतून सडतं.

प्रश्न : जुना रेडिओ काढून नवा स्टिरिओ लावायचा आहे. स्पीकरच्या जुन्या वायरी वापरू का?

उत्तर : नको. अनेक जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर बॉडीला जोडलेली असते. नव्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी चालत्या (सिग्नल वाहणाऱ्या) असतात. त्यातली एकही बॉडीला लागली की आतला आयसी (आवाज वाढवणारी चिप) बंद पडतो किंवा जळतो. प्रत्येक स्पीकरला १.५ चौरस मिमीची दुपदरी नवी वायर ओढा. स्टिरिओ जोडण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोकं बॉडीशी लागत नाहीत ना ते तपासा.

दारात वायर जायला वाट नसेल तर दारात आणि खांबात भोकं पाडा, पण समोरासमोर नाही. एक थोडं वर, एक खाली ठेवलं की दार बंद होताना वायर दुमडत नाही, वळते. कडा कानसून झिंक प्रायमर लावा आणि रबरी ग्रोमेट बसवा. भोकाआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल.

फार जुन्या गाडीत आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा. धन टोक असेल किंवा बॅटरी ६ व्होल्टची असेल, तर आजचा स्टिरिओ थेट जोडता येत नाही. आणि जुना रेडिओच ठेवायचा असेल तर त्यावर लिहिलेला ओहमचा (विद्युतरोधाचा) आकडा वाचा. ८ ओहमच्या रेडिओला ४ ओहमचा स्पीकर लावला की प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि तो भार जुन्या ट्रान्झिस्टरवर पडतो.

प्रश्न : मागच्या सीटमागच्या फळीत ६×९ इंची स्पीकर बसवायचे आहेत. पुठ्ठ्याची फळी वाकली आहे.

उत्तर : पुठ्ठा टाकून द्या. त्याच आकाराची १२ मिमी प्लायची फळी कापा, वरून कापड चढवा आणि ती खालच्या पत्र्याला निदान सहा बोल्टने धरा. नुसती ठेवलेली फळी जोरात ब्रेक लागला की स्पीकरसकट पुढे येते. खालचा पत्रा कापावा लागलाच तर सीट बेल्टच्या आधाराजवळची आणि सीटच्या पाठीची उभी पट्टी सोडून कापा. चुंबक मागे खोल असल्यामुळे डिकीच्या झाकणाचे दांडे त्याला लागतात का तेही पाहा. लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने पूर्ण उचलल्याशिवाय स्पीकर डब्यातून बाहेर काढू नका. कीस चुंबकाच्या फटीत गेला की खरखर कायमची.

प्रश्न : सगळं केलं, तरी एका ठरावीक सुरावर डाव्या दारात खडखड होते.

उत्तर : ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर मध्यम आवाजात लावा. खडखड झाली की तिथेच थांबवा आणि पॅनल, हँडल, लॉकची दांडी, जाळी अशी एकेक गोष्ट हाताने दाबत जा. बहुधा दोष लॉकच्या दांडीचाच निघतो. तिला फेल्टची पट्टी गुंडाळा. स्टिरिओत फिल्टर असेल तर दाराच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचा भाग देऊ नका, खडखडीचं निम्मं कारण तिथेच जातं.

बास पातळ आणि आवाज मधोमध न येता पसरल्यासारखा वाटत असेल, तर एका बाजूची वायर उलटी आहे. स्टिरिओकडची टोकं सुटी करून त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. धन टोक धनाला लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्याच्या वायरी बदला.