‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ : वाचकांचे प्रश्न

भाऊ, माझ्या गाइडकडचा जुना फोरट्रान प्रोग्राम उबुंटू 22.04 वर ‘लिबजीफोरट्रान.एसओ.3’ उघडता येत नाही म्हणून थांबतो. माझ्याकडे त्याचं 5 आहे. लॅबमधला सीनियर म्हणतो, 5 लाच 3 नावाची लिंक करून दे. करू का? – संशोधक विद्यार्थिनी, रामदासपेठ

नका करू, ताई. शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल, आणि तिच्या नावातला तो शेवटचा आकडा उगाच नसतो. जीसीसी (जीफोरट्रान ज्यात येतो तो कंपायलर-संच) 6 पर्यंत 3 चालला, जीसीसी 7 सोबत 4 आला, 8 पासून 5. आकडा बदलला याचा अर्थच असा, की जुन्या प्रोग्रामशी जमेल याची हमी संपली. लिंक केलीत तर बहुधा ‘जीफोरट्रान_1.4 व्हर्जन सापडली नाही’ असा नवा एरर येईल, आणि ते नशीबच समजा. काही लायब्ऱ्यांच्या बाबतीत प्रोग्राम बिनबोभाट चालतो आणि आकडे चुकीचे देतो. व्हायवाला उत्तर द्यायला सीनियर येणार नाही.

गाइडकडे सोर्स कोड असेल तर आजच्या जीफोरट्राननं पुन्हा कंपाइल करा. पाच मिनिटांचं काम. नुसती बायनरीच (कंपाइल झालेली फाइल) असेल तर उबुंटू 18.04 चा कंटेनर (तुमच्या सिस्टीमला हात न लावता आत चालणारी वेगळी उबुंटू) घ्या, त्यात ‘लिबजीफोरट्रान3’ पॅकेज मिळतं. आणखी काय काय कमी आहे ते आधी ‘एलडीडी’ला (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी देणारी कमांड) विचारा, ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल तेवढंच शोधायचं. बायनरी अनोळखी माणसाकडून आली असेल तर मात्र एलडीडी नको, ‘ऑब्जडंप’ वापरा, कारण एलडीडी कधीकधी तो प्रोग्रामच चालवतो.

एफएफटीडब्ल्यू ही फूरियर ट्रान्सफॉर्मची लायब्ररी स्वतः कंपाइल केली. फाइल ‘यूएसआर/लोकल/लिब’मध्ये डोळ्यांनी दिसते, तरी सापडत नाही म्हणे! – प्राध्यापक, हिंगणा रोड

लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ऱ्या जोडून देणारा) अख्खी डिस्क धुंडाळत नाही, तयार यादी बघतो. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवा, यादी ताजी होईल. रॉकी लिनक्सवर हे फोल्डर मुळात यादीत नसतं, ‘ईटीसी’तल्या ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’मध्ये त्याचा पत्ता लिहिलेली फाइल ठेवा, मग तीच कमांड. सुडोचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार नसतील तर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ ही लोडरला जादा फोल्डर सांगणारी सेटिंग आहे, पण ती त्या कामापुरतीच द्या. बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना आपोआप वाचली जाणारी फाइल) कायमची टाकलीत की महिन्याभरानं भलताच प्रोग्राम बिघडतो आणि शंका तिकडे जातही नाही.

क्लस्टरच्या लॉगिन नोडवर चालतं, पण स्लर्मच्या (जॉब रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) जॉबमध्ये एमकेएल (इंटेलची गणिताची लायब्ररी) सापडत नाही. – पीएचडी विद्यार्थी, अंबाझरी

एमकेएलचा पत्ता सांगणारी ‘सेटव्हार्स’ स्क्रिप्ट वाचून घेण्याची (‘सोर्स’ करण्याची) ओळ जॉब स्क्रिप्टमध्येच लिहा, आणि तिच्याखाली एलडीडीची. तरीही ‘नॉट फाउंड’ आलं, तर एमकेएल त्या कम्प्युट नोडवर (जॉब प्रत्यक्ष चालतो ते मशीन) बसवलेलीच नसेल. ॲडमिनला तेच आउटपुट दाखवा.

‘जीलिबसी_2.34 सापडली नाही.’ उबुंटू 20.04 वर नवी जीलिबसी टाकू का? – नंदनवन

अजिबात नाही. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. 20.04 मध्ये तिची 2.31 आहे आणि जवळजवळ सगळी सिस्टीम तिच्यावर उभी आहे. ती हलली तर ‘एलएस’सारखी साधी कमांडसुद्धा चालणार नाही. कंटेनर घ्या, नाहीतर 22.04 वर जा. तिथे 2.35 आहे.