बिल मार्चचं, काम जूनचं आणि आक्षेप आत्ता: एक लांबलचक उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातली सातवीपर्यंतची शाळा, पट ११८, कंपोझिट ग्रँटचे (समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार शाळेला मिळणाऱ्या एकत्रित अनुदानाचे) ५०,००० रुपये, त्यातून शौचालय दुरुस्ती आणि पिण्याच्या पाण्याचे नळ. वरून फोन आला म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिल घेतलं, पूर्ण रक्कम दुकानदाराच्या खात्यावर सोडली, उपयोगिता प्रमाणपत्र दिलं आणि काम झालं जूनमध्ये. आता लेखापरीक्षणात सगळेच्या सगळे ५०,००० आक्षेपाधीन, आणि ज्यांनी फोन केला तेच म्हणतात, "आम्ही असं काही सांगितलंच नव्हतं." या वाक्याला मी थांबलो. हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे आणि त्याची किंमत मी पगारातून भरली आहे. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

आधीच स्पष्ट करतो, मी लेखापरीक्षक नाही आणि वकीलही नाही. तुमच्या अनुदानासोबत आलेलं पत्र आणि माझं म्हणणं यात फरक पडला तर पत्र खरं धरा. किर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही), प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, इतिवृत्त हे सगळं तुम्ही ठेवताच असं धरून पुढे लिहितोय.

मूळ घोटाळा एकच. उपयोगिता प्रमाणपत्र हा झालेल्या खर्चाचा दाखला आहे, होणाऱ्या कामाची हमी नव्हे. "रक्कम मंजूर कामावर खर्च झाली" या वाक्याखाली २८ मार्चची सही असेल तर २८ मार्चला ते नळ भिंतीवर असायला हवेत. दुकानदाराच्या खात्यावर पैसे गेले म्हणजे खर्च झाला, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. काम नसताना गेलेले पैसे म्हणजे आगाऊ रक्कम, आणि या अनुदानातून दुकानदाराला आगाऊ रक्कम देण्याची सोय नाही. लेखापरीक्षक तीन तारखा शेजारी शेजारी ठेवतो: बिलाची, पैसे अदा केल्याची आणि काम मोजल्याची. मोजणी शेवटी आली की आक्षेप ठरलेला. त्यात तुमचा हेतू कुणी तपासत नाही.

फोन करणाऱ्यांची घाई कुठून येते तेही सांगतो. २०२१ पासून पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. खातं शून्य शिलकीचं, वर मुख्य खात्यात रक्कम आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा. ती अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा निघून जाते. तालुक्याची खर्चाची टक्केवारी खाली दिसली की वर विचारणा होते. मग प्रत्येक शाळेला फोन: "आज संध्याकाळपर्यंत शंभर टक्के दाखवा." पत्र कधीच येत नाही, आलंच तर "नियमानुसार खर्च करावा" असं गुळगुळीत. तोंडी आदेश देणाऱ्याचा कागद कोरा राहतो. सही तुमची आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची असते, म्हणून वसुलीही तुमच्याकडून.

पुढच्या वर्षी असा फोन आला तर भांडू नका. त्याच दिवशी त्याच कार्यालयाला चार ओळींचं पत्र द्या: "आज दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेस अनुसरून कळविण्यात येते की, आजअखेर प्राप्त मर्यादा ५०,०००, प्रत्यक्ष झालेला खर्च १८,४००, शिल्लक ३१,६००. शिल्लक रकमेचे काम अपूर्ण असल्याने प्रमाणपत्र झालेल्या खर्चापुरतेच सादर." आकडे उदाहरणादाखल आहेत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, नंतर पोच देतो" म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे पोच नव्हे, कितीही निळ्या खुणा दिसल्या तरी.

यात ३१,६०० रुपये परत जातील. जाऊ द्या. हे माझं ठाम मत आहे आणि बऱ्याच मुख्याध्यापकांना ते पटत नाही, कारण "निधी परत घालवला" म्हणून गावात बोलणी बसतात. ती दोन महिने बसतात. आक्षेप मात्र निवृत्तीच्या कागदांपर्यंत सोबत येतो.

आता आत्ताच्या आक्षेपाचं. सगळ्यात आधी, कुणीही कितीही प्रेमाने सुचवलं तरी मोजमापावर मागची तारीख टाकू नका. आत्ता तुमच्याकडे अनियमितता आहे. तारीख मागे टाकली की ती खोटी नोंद होईल, आणि दोन्हींच्या शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाकडे लेखी मागणी करून कनिष्ठ अभियंत्याकडून आजच्या तारखेची मोजणी घ्या. सोबत जूनमधले फोटो, मजुरांचं हजेरी पत्रक, दुकानदाराचं माल पोचवल्याचं चलन आणि काम पूर्ण झाल्याचा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. ठराव त्या काळात झाला नसेल तर आता करा आणि त्यात "सदर काम जूनमध्ये पूर्ण झाल्याचे समितीने आज पाहिले" असंच लिहा.

अनुपालन, म्हणजे आक्षेपाला द्यायचं लेखी उत्तर, लिहिताना "तांत्रिक अडचणीमुळे", "अनवधानाने" असले शब्द टाळा. तारखांचा सरळ क्रम द्या: मर्यादा कधी आली, बिल कधी, अदायगी कधी, काम कधी सुरू, कधी पूर्ण, मोजणी किती रुपयांची. मोजणी समजा ४६,२०० ची आली तर उरलेले ३,८०० दुकानदाराकडून परत घ्या, कार्यालय सांगेल त्या खात्यात भरा आणि चलनाची प्रत लावा. बहुतेक वेळा पूर्ण रकमेचा आक्षेप अशा वेळी फरकाच्या रकमेवर येतो आणि उरलेल्यावर ताकीद मिळते. हमी देत नाही.

मोजणीत एक गोष्ट हमखास अडते, ती म्हणजे बिलातला माल आणि भिंतीवरचं काम यांचा मेळ. १२ मिलिमीटर जाडीच्या, सिमेंट-वाळू एकास चार प्रमाणातल्या प्लॅस्टरला १० चौरस मीटरमागे साधारण एक ते सव्वा गोणी सिमेंट लागतं. शौचालयाच्या आतल्या-बाहेरच्या भिंती मिळून ६० चौरस मीटर प्लॅस्टर असेल तर सहा ते साडेसात गोण्या. बिलावर वीस गोण्या दिसल्या तर अभियंता काही बोलणार नाही, लेखापरीक्षक बोलेल. जास्तीचं सिमेंट फरशीला किंवा ओट्याला गेलं असेल तर तेही मोजून घ्या. प्लॅस्टरखाली गेलेली पाइपलाइन नंतर मोजता येत नाही. ती झाकण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढायचा, तारीख आणि ठिकाण दिसेल असा. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो एकाच जागी उभं राहून काढा, नाहीतर तीन वेगळ्या शाळांचे वाटतात.

मार्चमध्ये मर्यादा येणार हे दरवर्षीचं आहे, तर तयारी दिवाळीनंतरच करून ठेवा. समितीचा ठराव, कामांची यादी, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता यासाठी पैसे यावे लागत नाहीत. दुकानदाराची पीएफएमएसवर (सरकारी पैसे ऑनलाइन अदा करायच्या प्रणालीवर) नोंदणीही तेव्हाच करा. पासबुकावरचं नाव आणि बिलावरचं दुकानाचं नाव जुळत नसेल तर बँकेकडून पडताळणी परत येते, आणि हे नेमकं २९ मार्चला कळतं. तीन दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात, एकाच फोन नंबरची आणू नका. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

कामंही महिना पाहून निवडा. नळ, दारं, कड्या, वीजजोडणी, रंग हे पंधरा दिवसांत उरकतं. प्लॅस्टर आणि कोब्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. येवला, नांदगाव, चांदवडच्या टँकरच्या गावांत एप्रिलमध्ये ते पाणी आणणार कुठून? उलट पेठ, सुरगाणा, इगतपुरी या धो-धो पावसाच्या भागात पत्र्याचं काम मे संपायच्या आत झालं नाही तर वर्ष गेलं. हा हिशोब तालुक्याच्या बैठकीत कुणी मांडत नाही, सगळ्यांना एकच तारीख.

पटाचा आकडा यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) तपासा. १०१ ते २५० पटाला ५०,००० आहेत, ३१ ते १०० ला २५,०००. पट शंभराच्या आसपास असेल तर हे बघाच. रकमेतले किमान दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ५,००० रुपये, स्वच्छता कृती आराखड्यावर दिसायला हवेत. शौचालय दुरुस्तीतच ते बसतात, पण किर्दीत वेगळे दाखवले नाहीत तर त्याचा स्वतंत्र आक्षेप निघतो.

तुमच्या पोस्टमध्ये ओझरता उल्लेख आहे की ग्रामपंचायतीनेही वित्त आयोगातून त्याच शौचालयाला टाकी दिली. इथे सांभाळा. एकाच वस्तूचं बिल दोन निधींत गेलं तर तो थेट दुहेरी खर्च. ग्रामपंचायतीकडून मोजमाप पुस्तिकेची प्रत घ्या आणि त्यांनी काय केलं, तुम्ही काय केलं याचा एक तक्ता दोघांच्या सहीने लावा. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीने सीएसआरमधून काही दिलं असेल किंवा लोकवर्गणीतून रंग झाला असेल तर तेही त्याच तक्त्यात.

आणि जुना माल! काढलेली दारं, फुटकी भांडी, गंजलेले पत्रे गेले कुठे, हा प्रश्न येतोच. जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) काढलेल्या मालाची नोंद, समितीचा ठराव, मग निर्लेखन, म्हणजे तो माल नोंदीतून रीतसर कमी करणं. भंगारवाल्याने दिलेले तीनशे रुपयेसुद्धा किर्दीत जमा दिसले पाहिजेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणं हे समितीचं काम आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी समितीचं काम सही एवढंच उरलंय. बैठकीत बिलं मोठ्याने वाचून दाखवा. शाळेच्या फलकावर मिळाले किती, खर्च किती, कशावर, हे खडूने लिहा. एखादा पालक नळाची किंमत विचारेल आणि तो प्रश्न लेखापरीक्षकाच्या प्रश्नापेक्षा बरा असतो. समिती दर दोन वर्षांनी बदलते, तुमचीही बदली होईल. प्रभार यादीत "लेखे सुपूर्द" असं मोघम न लिहिता प्रमाणक क्रमांक अमुक ते अमुक, पाने इतकी, असं लिहून घ्या.

दुकानातल्या छोट्या थर्मल मशीनवर छापलेली बिलं वर्षभरात पांढरी पडतात, त्यांची झेरॉक्स आजच काढा.

अनुपालनाचा मसुदा नावं आणि खाते क्रमांक खोडून इथे टाकलात तर तारखांचा क्रम बघून सांगतो. पण आधी अभियंत्यांची मोजणी पदरात पाडून घ्या. मार्च जवळ आला की ते फोन उचलत नाहीत.