पावसाळ्यात कोरी राहणारी वही

प्रश्न : गरुड तारकासमूहातला ईटा हा रूपविकारी (तेज बदलत राहणारा) तारा मी दोन वर्षं अंगणातून नुसत्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याची प्रत (तेजाचा आकडा; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) वहीत लिहितो. पण जूनमध्ये पाऊस लागला की चतुर्थी होऊन जाईपर्यंत पानं कोरी. अवकाशातून सगळ्या आकाशाची मोजणी होत असताना या तुटक नोंदींना अर्थ आहे का?
— एक वाचक, केरी (सत्तरी)

उत्तर : आहे, वही बंद करू नका. डिसेंबर २०१३ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘गाया’ या तारे मोजणाऱ्या युरोपीय यानाच्या नोंदीही तुटकच होत्या. ते स्वतःभोवती फिरत आकाशाचा एकेक पट्टा टिपत जायचं. एकेक तारा पाच वर्षांत सरासरी ७० वेळा दिसायचा. तरी २०२२ च्या माहितीसंचात सुमारे एक कोटी रूपविकारी तारे सापडले, कारण असे बरेच तारे तेच चक्र पुन्हा पुन्हा करतात. वेगवेगळ्या महिन्यांतल्या नोंदी एकाच चक्रावर घडी घालून, म्हणजे एकावर एक, बसवल्या की तेजाच्या चढउताराचा वक्र उमटतो.

तुमच्याच ताऱ्याचं घ्या. त्याचं चक्र ७ दिवस ४ तास १४ मिनिटांचं. अशी १७ चक्रं म्हणजे जवळजवळ बरोबर १२२ दिवस. १ जून ते १ ऑक्टोबरही १२२ दिवसच! १ जूनला रात्री साडेअकराला तो पूर्वेला चढताना जेवढा तेजस्वी होता, तेवढाच १ ऑक्टोबरला त्याच वेळी पश्चिमेला उतरताना दिसेल. हा हिशेब पहिल्यांदा जुळला, त्या रात्री मी डिचोलीच्या घराच्या सोप्यावर बराच वेळ बसून होतो.

मात्र तारखेबरोबर वेळही लिहा, निदान पाव तासापर्यंत. तुलनेला गरुडातल्याच श्रवण या ठळक ताऱ्याजवळचा बीटा (प्रत ३.७) आणि खालचा आयोटा (४.४) घ्या, ईटा ३.५ ते ४.४ मध्ये फिरतो. आणि कालचा आकडा झाकून अंदाज करा. मी तो बघून लिहायचो, त्यामुळे एक अख्खा हंगाम माझा तारा हळूहळू, शहाण्यासारखा बदलत राहिला. खरा ईटा झपाट्याने उजळतो आणि रेंगाळत मंदावतो. त्याच्या आतला हीलियमचा थर उष्णता अडवतो, तारा फुगतो, मग ती सुटते आणि तो आकसतो.

एडवर्ड पिगॉट या इंग्रज निरीक्षकानं १७८४ मध्ये त्याचं हे बदलणं डोळ्यांनीच टिपलं. चक्राचा काळ सेकंदांनी बदलतोय का, हे कळायला अशा दीर्घ नोंदीच लागतात; आणि गायाचं निरीक्षण तर जानेवारी २०२५ मध्येच थांबलं. तुमच्या दोन वर्षांच्या नोंदी वेळेसह पाठवा, घडी घालून पुढच्या अंकात छापू.