वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या समुद्रात कॅटामरानचा एक दिवस

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून, सात वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे असे मॉरिशसला जाणार आहोत. सहल कंपनीने कॅटामरानमधून (दोन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीतून) बेटावर नेणारी, जेवण-पेयांसह ‘सर्व काही समाविष्ट’ अशी दिवसभराची सहल सुचवली आहे. माझी पत्नी माळकरी असून तिला गुडघ्यांचा त्रास आहे. मला एसटीतसुद्धा मळमळते. पोहणे फक्त मुलाला येते, तेही विहिरीतले. अशा कुटुंबाने ही सहल घ्यावी का, आणि घेतल्यास कोणत्या बेटाची?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जरूर घ्यावी, मात्र बेट कोणते हे कंपनीवर सोडू नये. जाहिरातीत जेवण, पेये आणि निळ्या पाण्याचे फोटो भरपूर असतात, पण दिवस सुखाचा जाईल की ओकाऱ्या काढण्यात जाईल हे वाऱ्यावर अवलंबून असते, आणि वारा महिन्यागणिक व किनाऱ्यागणिक बदलतो.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. आपला मराठवाडा उत्तरेला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या बरोबर उलटे चालतात. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा असून त्या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर जोराने आदळतात. ऑक्टोबरपासून वारा मंदावतो, पाणी कोमट होऊ लागते आणि पाऊसही कमी असतो. म्हणून दिवाळीची सुट्टी या सहलीसाठी उत्तम आहे. चक्रीवादळांचा मुख्य धोका पुढे जानेवारी ते मार्च या महिन्यांत असतो.

या देशाभोवती प्रवाळांचा कडा जवळपास सर्व बाजूंनी पसरलेला आहे. कड्याच्या आतले पाणी उथळ आणि शांत असते, बाहेर खुला हिंदी महासागर असतो. दिवसभराच्या सहली प्रामुख्याने तीन दिशांना जातात. उत्तरेची सहल ग्रां बे येथून निघते आणि क्वां द मीर या उभ्या कड्याच्या बेटाजवळून फ्लॅट व गॅब्रिएल बेटांकडे जाते. ती तिन्हींत देखणी आहे, परंतु वाटेत खुला समुद्र ओलांडावा लागतो, त्यामुळे आपण तिचा विचार करू नये. पश्चिमेची सहल ब्लॅक रिव्हर परिसरातून निघते, सकाळी टॅमरिनच्या उपसागरात डॉल्फिन दाखवते आणि ल मोर्न पर्वताच्या छायेतल्या इल-ओ-बेनितिए बेटावर नेते. पूर्वेची सहल त्रू दो दूस गावाच्या बाजूने इल-ओ-सेर्फ बेटावर जाते.

आपल्यासाठी मी पूर्वेची सहल निवडेन. जून-जुलैत विचारले असते तर पश्चिमेची सुचवली असती. बेनितिएवर पक्क्या सोयी नाहीत आणि किनाऱ्यावर बहुधा पाण्यातूनच चालत जावे लागते. इल-ओ-सेर्फवर सुरूच्या झाडांची सावली, स्वच्छतागृहे आणि बसायला जागा आहे. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला डॉल्फिनपेक्षा याच गोष्टी जास्त उपयोगी पडतील. शिवाय डॉल्फिनच्या नावाखाली सकाळी पंधरा-वीस बोटी एकाच कळपामागे धावतात. ते प्राणी त्या वेळी उपसागरात विसाव्यासाठी आलेले असतात, त्यामुळे तो प्रकार मला पाहवत नाही.

पूर्वेच्या सहलीत स्पीडबोटीने एका नदीमुखाजवळचा धबधबा दाखवतात. तो आपण सोडून द्यावा. सौताडा किंवा सहस्रकुंड ऐन पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला तो फारसा भारावणार नाही, आणि स्पीडबोटीचे आदळणे गुडघ्यांना व कमरेला सोसणारे नाही. चढ-उताराबद्दल मात्र आधी विचारून घ्यावे. कॅटामरान बहुतेक वेळा किनाऱ्याला लागत नाही; ती खोल पाण्यात थांबते आणि माणसे लहान बोटीतून पाच-सात जणांच्या खेपांनी नेली-आणली जातात. लहान बोटीतून मोठीवर चढताना एक पाय हलणाऱ्या पायरीवर ठेवून वर चढावे लागते आणि खलाशी हात देतात. बोटीवरचे शौचालयही अरुंद पायऱ्या उतरून खाली, कंबर वाकवूनच शिरता येईल इतके लहान असते. पत्नीला हे जमेल का, हे आपणच ओळखू शकाल. धक्क्यावरून थेट चढवणारी बोट मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही तीच घ्यावी.

मळमळीबद्दल : कॅटामरानला दोन सांगाडे असून मधली जागा रुंद असल्यामुळे ती साध्या शिडाच्या नावेसारखी एका अंगाला कलत नाही. लाटा असल्या की तिचे हिसके लहान पण भराभर बसतात; प्रवाळकड्याच्या आत राहिल्यास तेही जाणवत नाहीत. पुढच्या बाजूला दोन सांगाड्यांच्या मध्ये जाळी ताणलेली असते, तिथे लोळायला नातवाला फार आवडेल, पण सर्वांत जास्त हेलकावे आणि पाण्याचे तुषार तिथेच असतात. आपण मागच्या भागात, मध्याजवळ बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइलमध्ये डोके घालू नये. सकाळी उपाशी निघू नये. थोडेसे कोरडे खाऊन निघावे. प्रवासातील मळमळीची गोळी बोट सुटल्यावर नव्हे, तर साधारण तासभर आधी घ्यायची असते. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या व्यक्तींना त्या त्रासदायक ठरू शकतात. आपल्या वयात त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि घेतल्यास त्या दिवशी मद्याला हात लावू नये.

जेवणाचा प्रश्न आपण मांडला नसता तर मीच उपस्थित केला असता. बोटीच्या मागच्या कठड्यापाशी जाळी पेटवून त्यावर चिकन, मासे आणि सॉसेज भाजतात. सोबत कोशिंबीर, भात, पाव आणि फळे असतात. शाकाहारींसाठी भाज्या त्याच जाळीवर, त्याच चिमट्याने भाजल्या जातात. म्हणून आरक्षण करतानाच ‘मांस, मासे, अंडी काहीही नको आणि वेगळ्या भांड्यात किंवा फॉइलमध्ये शिजवलेले हवे’ असे लेखी कळवावे. नुसते ‘व्हेज’ म्हटल्यास मासे चालतील असा समज होण्याची शक्यता असते. एवढे करूनही विश्वास बसत नसेल तर सकाळीच बाहेरून डाळपुरी बांधून घ्यावी. हा मॉरिशसचा रस्तोरस्ती मिळणारा पदार्थ आहे : दळलेल्या पिवळ्या डाळीचे सारण भरलेल्या मऊ, पातळ पोळ्या, जणू गूळ न घातलेली पुरणपोळीच. त्या जोडीने देतात आणि बरोबर घेवड्याची आमटीवजा भाजी व चटणी असते. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास नुसती पुरी घेऊन ती घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीशी खाता येईल. घरचे धपाटे चार दिवस टिकणार नाहीत. ताजी फळे, बियाणे किंवा रोपे मॉरिशसमध्ये परवान्याशिवाय नेता येत नाहीत, आणि जे काही खाद्यपदार्थ न्याल ते विमानतळावर जाहीर करावेत.

सहलीचा दिवस ठरवण्यापूर्वी पंचांग पाहावे. दिवाळीच्या पाठोपाठ कार्तिकी एकादशी येते, आणि भर समुद्रात फराळाचे काही मिळण्याची आशा ठेवू नये.

राहिले पोहणे. विहिरीतल्या पोहणाऱ्याला चारही बाजूंनी काठ दिसत असतो आणि पाणी जागचे हलत नाही. समुद्राच्या खारट पाण्यात अंग अधिक सहज तरंगते, यामुळे हुरूप वाढतो. पण प्रवाह माणसाला नकळत बोटीपासून दूर नेतो, आणि आसपास वेगवान बोटी फिरत असतात. त्यामुळे पाण्याखालचे मासे पाहण्यासाठी उतरताना मुलानेही लाइफ जॅकेट घालावे. जॅकेट घालून, खलाशाने टाकलेली दोरी धरून, तोंड पाण्यात घालून पाहणे न पोहणाऱ्यालाही जमते. चष्म्यासारखा मुखवटा आधी पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास आत ओढून पाहावा. तो चिकटून राहिला तर मापात आहे असे समजावे. मिशा जाड असतील तर वरच्या ओठाजवळून पाणी शिरते. नातवाच्या मापाचा मुखवटा आणि जॅकेट आहे का, हे आदल्या दिवशीच विचारावे, कारण मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून वर सरकते.

प्रवाळांवर कोणीही उभे राहू नये. ते जिवंत असतात आणि मोडतात, शिवाय पाय कापतो. उथळ पाण्यात काटेरी सी-अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो. रबरी तळव्याचे बूट घालूनच पाण्यात चालावे. काटा रुतल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि तडक रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मागच्या एका परदेश सहलीत ‘सर्व समाविष्ट’ म्हणूनही जागोजागी पैसे मोजावे लागले. कॅटामरानच्या बाबतीत नेमके काय विचारून घ्यावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : या शब्दांत साधारणपणे बोट, दुपारचे जेवण, शीतपेये, स्थानिक बिअर व रम आणि स्नॉर्केलिंगचे, म्हणजे मुखवटा लावून पाण्याखालचे मासे पाहण्याचे, साहित्य येते. पॅरासेलिंग (बोटीमागे छत्रीला लटकून हवेत उडणे), शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालणे, बेटावरच्या खुर्च्या आणि बोटीवर काढलेले फोटो बहुधा वेगळे असतात. धबधब्याची स्पीडबोट कधी आत असते, कधी बाहेर. हॉटेलवरून नेण्या-आणण्याचा खर्च हा फसगतीचा मुख्य मुद्दा आहे : आपले हॉटेल उत्तरेला आणि बोट पूर्वेला असेल तर तेवढ्यासाठी जादा रक्कम लावली जाते. म्हणून एकूण आकडा हॉटेलच्या दारापासून दारापर्यंतचा मागावा, आणि बोटीवर एकूण किती माणसे असतील हेही विचारावे. सामायिक बोटीत तीस-चाळीस अनोळखी प्रवासी आणि दिवसभर मोठ्याने लावलेली गाणी हे गृहीत धरावे लागते. भावकीतली पंधरा माणसे एकत्र जात असतील तर स्वतंत्र बोटीचा दर काढून पाहावा; माणशी फरक अनेकदा वाटतो तितका मोठा नसतो.

किनाऱ्यावर फिरते विक्रेते निम्म्या दरात सहल देऊ करतात. मॉरिशसमध्ये प्रवासी नौकांना तेथील पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो. तो पाहिल्याशिवाय आणि विमा आहे का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हवामानामुळे सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतील की दुसरा दिवस मिळेल, हे लेखी घ्यावे. त्या देशात चक्रीवादळाचे इशारे १ ते ४ अशा श्रेणींत दिले जातात आणि इशारा लागू झाला की प्रवासी बोटी बाहेर पडत नाहीत. याच कारणासाठी ही सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते. पहिल्या दिवशीही ठेवू नये, कारण रात्रीच्या रेल्वेने मुंबई, मग विमानतळावरची ताटकळ आणि त्यानंतर सुमारे सहा तासांचे विमान, एवढे झाल्यावर पहाटे उठून समुद्रात जाणे म्हणजे मळमळीला आमंत्रण आहे.

मद्य मोफत आहे म्हणून सकाळी दहापासून सुरू करणारे लोक दुपारी बेटावर झोपलेले दिसतात. आपला तो विचार असल्यास पाण्यात उतरणे सर्व आटोपून परतीच्या वाटेवर पेला हातात घ्यावा. खरे तर मला विचाराल तर या सहलीचे सार बेटात नाही, परतीच्या त्या तासाभरात आहे : इंजिन बंद करून शीड उभारले की नुसता दोरांचा आणि पाण्याचा आवाज उरतो. मात्र अनेक बोटी वेळ वाचवण्यासाठी पूर्ण दिवस इंजिनवरच चालतात, तेव्हा शीड उभारणार का, हेही विचारून ठेवावे.

प्रश्न : आई-वडिलांना इंग्रजी येत नाही. बोटीवर त्यांचे अडेल का? आणि आम्हाला उन्हाची सवय असल्याने क्रीम वगैरेची गरज आहे का?
— एक वाचक, बीड

उत्तर : अडणार नाही. खलाशी आपसांत क्रिओल ही तिथली बोलीभाषा बोलतात, प्रवाशांशी फ्रेंच व इंग्रजी बोलतात, पण भारतीय वंशाच्या अनेकांना हिंदी किंवा भोजपुरी समजते. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही तिथे आहेत आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. धक्क्याकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा ऊस लागेल. तिथली तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते, त्यामुळे दिवाळीत गेल्यास बीडच्या माणसाला बोलायला विषय आपोआप मिळेल.

उन्हाबाबत मात्र सवयीवर विसंबू नये. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चटका बसतो म्हणून माणूस सावली शोधतो. समुद्रावर वारा गार असल्यामुळे चटका जाणवत नाही, पाण्यावरून परावर्तित किरण खालूनही येतात, आणि नोव्हेंबरपासून दुपारचा सूर्य तिथे जवळपास डोक्यावर असतो. मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि पाण्यात पालथे तरंगताना पोटऱ्या सर्वांत आधी भाजतात. लांब बाह्यांचा सुती सदरा पाण्यातही अंगावर ठेवावा, उघड्या भागावर क्रीम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे, आणि टोपीला नाडी असावी. वडिलांनी पांढरा रुमाल बांधला तरी उत्तम, तो वाऱ्याने उडत नाही.

आईने नऊवारी किंवा सहावारी नेसून चढ-उतार करणे धोक्याचे आहे. त्या दिवसापुरता सलवार-कुडता घालावा. चपला बोटीवर चढताच काढून एका टोपलीत ठेवाव्या लागतात. कपड्यांचा एक कोरडा जोड, नेहमीची औषधे आणि थोडे स्थानिक रुपये पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घ्यावेत. दागिने आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीतच ठेवावेत.